उलटा एन

बझारगेटला, तिसऱ्या मजल्यावर,
बिस्किटाच्या डब्यातून मेणकापड निघतं,
मेणकापडातून सव्वा किलो लोखंड.
टेबलावर ठेवताना नळी माझ्याकडे.
मी ती बोटाने खिडकीकडे वळवतो.
एवढी एकच अंधश्रद्धा पाळतो.

“पणजोबांनी साहेबाच्या कमरेचं हिसकावलं,”
उल्हास काकडे बसायच्या आधीच सांगतात.

होरमसजी दुबाश, ज्यांच्या हाताखाली शिकलो, म्हणत:
डिकरा, गोष्ट शेवटी ऐकायची,
आधी स्क्रू बघायचे.
खरं काय ते खाचेत राहतं, नखातल्या मळासारखं.

बघतो.
घोडा अर्ध्यावर चढवला, चक्र कुरकुरत फिरलं.
सहा घरं, प्रत्येकामागे एक बोंड,
ज्यावर तांब्याची टोपी बसायची,
चिंचोक्याहून लहान.
चार बोंडं माराने चेपलेली.
म्हणजे भिंतीवरचं नव्हे, वाजलेलं आहे.
कुणावर, ते लोखंड सांगत नाही.

नळीत बॅटरी धरली.
पाच पेचदार चऱ्या, त्यातली एक किंचित रुंद.
यंत्र असं चुकत नाही.
असा चुकतो माणूस,
दिव्यातलं तेल तळाला गेल्यावर.

आकडे जुळतात, पण दोन सातांच्या माना वेगळ्या.
चाचणीचा मुकुट भिंगाखाली घेतला
तर मोगऱ्याची कळी.

आणि नळीच्या पाठीवर, लंडन.
सहा इंग्रजी अक्षरं, खोल, सुबक,
त्यात दोन एन.
दुसरा उलटा.

त्याला वाचता येत नव्हतं.
त्याने लंडन काढलं
जशी दुसरा कोणी वेल काढेल,
आणि शेवटच्या वळणाला वेल
आपल्या मनाने पलीकडे गेली.

“किती?”
सांगतो. त्यांना आवडत नाही.
“साहेबाचं असतं तर?”
आणखी एक शून्य.
“मग पणजोबा खोटं बोलले?”
पणजोबांचं मोजमाप मला येत नाही.
हिसकावलंही असेल. साहेबही
स्वस्तातला माल बघत फिरायचेच.

“दाखल्यावर लंडन लिहा ना,
दिसतंय तर तसंच.”
बंदरात कुठलीशी बोट भोंगा देते, लांब.
मी चहा त्यांच्याकडे सरकवतो.
ते घेत नाहीत. डब्याचं झाकण बसत नाही,
ठोसा मारून बसवतात,
आणि जिन्यावर बराच वेळ त्यांची पावलं.

संध्याकाळी वहीत नोंद:
टोपीचं रिव्हॉल्व्हर, सहाबारी, देशी घडण,
कारागीर अज्ञात.
पुढच्या रकान्यात अक्षरं, जशीच्या तशी.
पेन दुसऱ्या एनपाशी अडतं.
चाळीस वर्षांची सवय तो सरळच काढते.
खोडतो. पुन्हा सरळ.
तिसऱ्यांदा उलटा जमतो, पण लटपटत.

त्याचा एका फटक्यात होता.