सत्र तिसरं: अवघड संभाषण

डॉनकास्टरच्या रिंगरोडला लागून असलेलं हॉटेल.
गालिच्यावर कालच्या लग्नातली चमकी अजून तशीच,
आणि आम्ही चौदा मुख्याध्यापक,
गळ्यात नावाचं कार्ड, हातात कोमट कॉफी.
माझ्या कार्डावर 'वैजयंती' मावलं नाही.
नुसता 'व्ही', आणि खाली शाळेचं नाव मात्र पूर्ण.

सकाळी कच्च्या स्पॅगेटीचा मनोरा बांधला.
तो पडला. पडण्यातून काय शिकलात, असं विचारलं गेलं.
बार्न्सलीचा कॉलिन म्हणाला, शिजवून खायला हवी होती.
दिवसभरात तेवढंच मी वहीत उतरवलं.

आता रोझलिंड निळ्या चिठ्ठ्या वाटते:
आधी वस्तुस्थिती सांगा, एका वाक्यात.
'दुर्दैवानं' म्हणू नका.
मग सात सेकंद गप्प राहा.
ती शांतता समोरच्याची असते, तुम्ही ती भरू नका.

माझी जोडी स्कन्थॉर्पच्या ग्वेनशी.
तिनं व्हायचं डेरेक हॉलरॉइड,
माझ्याकडचा सुतारकामाचा मास्तर, एकतीस वर्षं.
नाव खरं सांगून बसले, सांगायला नको होतं.
सोमवारी शेवटच्या तासाला त्याला बोलावलंय.

"सप्टेंबरपासून सुतारकाम बंद होतंय," मी म्हटलं.
इंग्रजीत ते वाक्य किती गुळगुळीत,
हाताला कुसळसुद्धा लागत नाही.
मग सात सेकंद.
मला सेकंद मोजता येत नाहीत. मी पाढा म्हणते,
मिरजेच्या शाळेत छडीच्या धाकानं घोकलेला:
सात एके सात,
सात दुणे चौदा,
सात त्रिक एकवीस,
ग्वेन खाली बघते,
सात चोक अठ्ठावीस,
तिचा अंगठा कपाच्या कानावर फिरतो,
सात पंचे...
"मला तर फोनवर सांगितलं," ती म्हणते.
डेरेकच्या आवाजात नाही, स्वतःच्या.
"ट्रस्टनं. मंगळवारी. मी गाडी चालवत होते."

रोझलिंडची घंटा किणकिणते: चला, भूमिका बदला!
आम्ही बदलल्या नाहीत.
मी तिला माझं बिस्किट दिलं, तिनं ते घेतलं,
आणि अभिप्रायाच्या कागदावर दोघींनी
'अतिशय उपयुक्त' पुढे खूण केली.

सोमवार.
डेरेकच्या भुवयांवर लाकडाचा भुसा.
वाक्य एकच. 'दुर्दैवानं' ओठांवर आलं होतं, गिळलं.
सात एके सात, सात दुणे चौदा,
तो तिथंच बोलला:
"नववीच्या पोरांची स्टुलं अर्धवट आहेत.
अजून तिसरा पाय बसायचाय. जुलैपर्यंत सरस मिळेल ना?"

"लागेल तेवढा," मी म्हणाले.
बजेटच्या कुठल्या रकान्यात तो बसवायचा, देव जाणे.

जाताना त्यानं दार ओढून घेतलं.
हे दार त्यानंच रंधून बसवलंय, करकरत नाही,
त्यामुळे तो गेला कधी, ते कळलंच नाही.

पाढा जिथं तुटला तिथून पुन्हा धरला,
एकोणपन्नासपर्यंत, मग सात दाहे सत्तर.
खाली बस लागली होती,
आणि आज फाटकावर उभं राहायची पाळी
माझी होती.