पितळेची पाकळी

आप्पालाल शिकलगारांनी ट्वीटर टॉवेलात गुंडाळून आणला,
विट्याच्या स्टँडमागं, माझ्या दुकानात,
आणि काउंटरवर असा अलगद ठेवला
की झोपमोड होईल त्याची.

कागदी कोन, मधोमध राखाडी घुमट,
मागं मुठीएवढं लोहचुंबक,
बॅकेलाइटच्या पट्टीवर दोन पाकळ्यांपैकी एकच.
दुसरी त्यांनी वेगळी आणली होती
तंबाखूच्या डबीत, चुन्याच्या कप्प्यात.

"नातवानं वायर ओढली," म्हणाले.
मग बऱ्याच वेळानं,
"नातवानं न्हाई. मीच ओढली."

श्रेणिक म्हणाला, मामा, नवा येतो की दीडशेला.
मी मान वर केली नाही.

पाकळी तुटण्याचं काही नसतं,
पितळ कुठंही मिळतं.
तुटते ती तिच्या बुडाशी आलेली तार,
केसाहून बारीक,
आणि तुटते नेमकी कडेला,
चिमट्याला धरायला काही न ठेवता.

सुईनं खरवडत गेलो बॅकेलाइट.
जुन्या दवाखान्याचा वास सुटला.
भिंग डोळ्याला, कोपर टेबलाला,
आणि श्वास आपोआप धरलेला.

कोइमतूरच्या गल्लीत वडील सोनं गाळायचे.
मुशीत सवागी टाकताना म्हणायचे, श्वास धर.
मला वाटायचं, धुरासाठी.
एकदा चुकून फुंकर गेली माझी
तेव्हा त्यांनी झाडून झाडून फरशी झाडली,
रात्री जेवताना एवढंच बोलले:
उडालेला कण दुसऱ्याचा असतो.

मी गलाई सोडून गावी आलो, रेडिओ उघडत बसलो.
श्वास तेवढा तसाच राहिला.

ब्लेडच्या टोकानं वार्निश निघालं,
दीड मिलिमीटर तांबं उघडं पडलं.
सकाळपासूनची कमाई, दीड मिलिमीटर.
राळेचा ठिपका. कथलाचा थेंब, मोहरीच्या निम्मा.
इअरफोनच्या वायरीतला एकच धागा काढून जोडला
आणि त्याला एक वळसा सैल ठेवला.
ताणलेली तार पहिल्याच ठोक्याला जाते.
नवी पाकळी, नवा रिबिट,
वर दोन नळ्यांचा डिंक कालवून.

डिंक वाळेपर्यंत चहा.
साखर कारखान्यात एकतीस सीझन टर्बाइनवर, आप्पालाल सांगत होते,
आधी कानात कापूस घालायचो,
पुढं पुढं कापूस पण सुटला.
हे स्पीकर पहिल्या बोनसचे.
जैबुन म्हणाली होती, शिलाई मशीन घ्या.
घेतलं नाही.
नंतर तीच ऐकत बसायची, भाकरीचं पीठ हाताला तसंच.

मीटर पाच पॉइंट आठवर थांबला.
कंडेन्सर मध्ये घालून लावलं.
श्रेणिक पुढं सरकला, मागं सरकला,
म्हणाला, मामा, काकडीवर मीठ भुरभुरावं तसं वाजतंय!
मला अर्धंमुर्धं ऐकू आलं. माझंही वय झालंय.

"लागलं का?" आप्पालालांनी विचारलं,
ते वाजत असताना.

मी काही बोललो नाही.
ते श्रेणिकच्या तोंडाकडे बघत राहिले,
टर्बाइनवरचा माणूस
आवाजाकडे नाही, काट्याकडे बघतो, तसे.
आणि काटा हलत होता.
पोरगं भुवया उडवत होतं, टाचेनं ठेका धरत होतं.
"हां," म्हणाले, "लागलं."

ऐंशी रुपये झाले. शंभर दिले, वीस घेतले नाहीत.
तुटकी पाकळी मागून घेतली,
डबीत टाकली, चुन्याशेजारी.
टॉवेलाची गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली.
पायरीवरून वळून म्हणाले,
"उद्या डावा पण आणतो.
त्याला अजून काय झालं न्हाई.
पण बघून ठेव."