वडी नंबर एकतीस

सोकोरोच्या बाहेर, डोंगराआडच्या बुटक्या शेडमध्ये
देल्फिना वड्या मोजते.
नाण्याएवढ्या, करड्या, दिसायला पार निरुपद्रवी.
प्रत्येकीचा एक्स-रे,
प्रत्येकीला वहीत एक ओळ.

घण तोच. उंची तीच.
तीस वड्या नुसत्या चेपल्या,
बुटाखाली आलेल्या बिस्किटासारख्या,
आणि गप्प राहिल्या.
एकतिसावी पेटली.

काचेमागे बसून तिने चित्रं एकेक करून मागे नेली.
उजेड घणाच्या मधोमध नव्हता.
डावीकडे होता, कडेला,
जिथे एक्स-रेमध्ये खसखशीएवढा काळा ठिपका होता,
दाबताना आत राहून गेलेली हवा.
घाव आला तशा त्या पोकळीच्या भिंती
एकमेकींवर धावून गेल्या,
आणि एरवी वडीभर पसरून निवली असती ती ऊब
तेवढ्याशा जागेत कोंडली गेली.
पापणी लवायला लागतो तो वेळ
यापुढे फार लांबलचक.

बडा घर पोकळ वासा, म्हणतात आमच्याकडे,
मी तिला सांगितलं, मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये.
इथे वासा पोकळ निघाला की घरच पेटतं.
ती हसली नाही.
लिहून दे, म्हणाली.

बारा वर्षांपूर्वी एलिजिओच्या हातून एक वडी पडली होती.
कमरेच्या उंचीवरून, सिमेंटवर.
चौकशीत आलं: निष्काळजी हाताळणी.
त्याआधी कितीतरी पडल्या होत्या तशाच,
उचलल्या, पुसल्या, ट्रेमध्ये परत ठेवल्या.
ते कुणी लिहिलं नाही.
त्याची दोन बोटं गेली,
उजव्या कानातलं सगळं गेलं,
आणि नोकरी, पण ती सावकाश.

रविवारी ती चित्र छापून त्याच्याकडे गेली.
अंगणात मिरच्या भाजून झाल्या होत्या,
तो उरलेल्या तीन बोटांनी साली सोलत बसलेला.
ती डाव्या कानाशी वाकली, बराच वेळ बोलली.
त्याने हात पँटला पुसले,
कागद उन्हाकडे धरला.

"ही माझी वडी नाही."

"नाही," ती म्हणाली.
"तुझी कुणी आतून बघितलीच नव्हती."

त्याने ठिपक्यावर नख ठेवलं.
नखाखाली तो अख्खा झाकला गेला,
वर बरीच जागा उरली.

मग त्याने पुढची मिरची घेतली.