अर्धी माळ

आग्नेल सायकलवरून आला उभादांड्याहून.
हँडलला तांदळाची पिशवी, पिशवीत माळ,
जाळ्यात अडकलेल्या कुर्लीसारखी स्वतःतच गुंतलेली.
"मास्तर, अर्धी पेटता, अर्धी नाय.
आवशीन सांगल्यान, आजच होयी."
आज म्हणजे चोवीस डिसेंबर, दुपारचे साडेतीन.

ही माळ मी ओळखतो.
भाद्रपदात ती परबांच्या माटवीला असते,
आंब्याच्या टाळांत, कवंडळांच्या शेजारी.
तुळशीच्या लग्नाला नाबरांच्या अंगणात,
आणि नाताळात दान्तसांच्या गोठ्यावर,
म्हणजे गुरांच्या नव्हे,
पुठ्ठ्याच्या, बाळ येशूच्या.
पहिल्यांदा विकत कुणी घेतली
ते आता कुणालाच आठवत नाही.
ठरलंय एवढंच, की जिथे बिघडेल त्यानं दुरुस्तीचे द्यायचे,
आणि ती नेहमी
दोन घरांच्या मधल्या वाटेवरच बिघडते.

आधी प्लग काढ, म्हटलं.
आयटीआयत बावीस बॅचना हेच पहिलं वाक्य,
आणि बावीस बॅच त्यावर हसल्या.

पन्नास दिवे. पंचवीस-पंचवीसच्या दोन रांगा.
पाखाडीवर कौलं चढवताना
माणसं शिडीवर उभी असतात तशी रांग:
मधला एक उतरून गेला
की वरच्याचे हात रिकामे
आणि खालच्याच्या हातात कौल तसंच.

नाण्याएवढा सेल, त्याला दोन टाचण्या.
टाचणी दिव्याच्या एका पायाला, दुसरी दुसऱ्याला.
शाबूत असेल तर तो मिणमिणतो,
झोपेत हाक मारल्यावर "हं" म्हणावं तितकाच.
आग्नेल मोजत होता, एक, दोन, नऊ, बारा.
सतरावा बोलला नाही.

उपटून पाहिला. दिव्याला काही झालं नव्हतं.
पायच नव्हता. खारं वारं तांबं खाऊन गेलेलं,
आत चिमूटभर हिरवी पूड.

काही लोक तो काढतात आणि वायरी नुसत्या पिळून देतात.
पेटते. तशीही पेटते.
उरलेले चोवीस त्याचा वाटा अंगावर घेतात,
थोडे जास्तच उजळतात,
मग एकेक करून वेळेआधी जातात.
हे मी आग्नेलला समजावत होतो.
त्याचा बाप कुवेतला, दोन्ही काका कुवेतला.
म्हणाला, "म्हायत हा माका."

डब्यात मेलेल्या माळांचे सुटे दिवे असतात.
चांगल्या पायांचा एकच निघाला.
सोल्डर धरला, राळेचा धूर चढला नाकात
आणि क्षणभर जत्रेची रात्र झाली,
संकासुर येण्याआधी मशालीवर उडवतात ती राळ.
सांधा बसला. गार होऊ दिला. प्लग लावला.

काळोख.

मी फ्यूज पाहिला. बटणाचा डबा उघडला.
दुसरा सांधा उगाच पुन्हा तापवला.
आग्नेल बराच वेळ गप्प होता, मग हळूच,
देवळात बोलावं तशा आवाजात,
"मास्तर, लांब पाय तिकडे होयो ना?"

लांब पाय तिकडेच हवा होता.
बावीस बॅच माझ्या पाठीमागे उभ्या राहून हसल्या.

उलटा केला. पेटली.
सगळी पिवळी माळ आणि सतरावा हिरवा,
कारण डब्यात पिवळा नव्हताच.
पोरगा हिरमुसला. आवस काय म्हणेल.
म्हटलं, तारवाला बंदराची खूण लागतेच.
पटलं नाही त्याला. मलाही नव्हतं पटलं,
पण साडेपाच वाजले होते.

सांध्यांवर मुलीची नेलपॉलिश फासली,
खाऱ्या वाऱ्याला एवढंच थोपवतं.
पैशांऐवजी त्यानं डबा ठेवला, नेवऱ्यांचा, अजून कोमट.

खिळ्याला गुंडाळू नकोस, मी ओरडलो,
पुठ्ठ्यावर गुंडाळ,
आणि परबांना सांग, भाद्रपदाच्या आधी
एकदा दाखवून न्या.

तो वळणावर पोचला होता.
ऐकलं की नाही, कळलं नाही.