मोजणीचा रविवार

बोडेन सरोवर, ऑक्टोबर. वाल्बुर्गा आधीच येऊन बसलीय,
तिच्या तिपाईचा एक पाय चिखलात, दोन दगडावर.
पाणी कुठून सुरू होतं ते अजून कळत नाही.
धुक्यात कुणीतरी ओल्या पायांनी पळतंय.
"चांदवा," ती म्हणते. "लिही. आकडा नको."

आठ वाजता पलीकडचा देश दिसू लागतो:
आधी चर्चचा कळस, मग सफरचंदाच्या बागा,
मग पाणी, आणि पाण्यावर
तीळ सांडावेत तशी बदकं.

ती दुर्बीण डावीकडून उजवीकडे नेते,
वाफा खुरपत गेल्यासारखी.
शेंडी बदक चाळीस. लालसरी दोनशे, झोपलेल्या.
थापट्या सहा. थांब, सात. एकाची नुसती शेपटी वर होती.
माझा अंगठा यंत्राच्या बटणावर गारठलाय.
ओटमार आलुबुखारच्या केकबद्दल विचारतो,
त्याला कुणी उत्तर देत नाही.

तीन हजार एकशे बारा,
आणि गरुड.

एकच. खालून, कसलीही घाई नसलेला.
अख्खं सरोवर उठून उभं राहतं
जुनं धोतर फाडावं तशा आवाजात,
टराटरा, या काठापासून त्या काठापर्यंत.
खाली उरतं डहुळलेलं पाणी.

वाल्बुर्गा चष्मा काढून स्कार्फला पुसते.
"बघितलंस?" म्हणते.
पंचेचाळीस वर्षं ती हाच काठ मोजतेय.

मी आकड्यावर आडवी रेघ मारतो,
समासात लिहितो: गरुड, एक.
ओटमार न विचारता केक कापतो.
ती पुन्हा डाव्या टोकाला वाकते.
तिथे लव्हाळ्यापाशी एक चांदवा
उडायचं राहूनच गेल्यासारखा शेवाळ खातोय.