एक मिनिट

फेब्रुवारीत नारीनची नदी बोलत नाही.
परिचारिका विद्यालयाच्या मागच्या खोलीत
कोळशाची शेगडी, अकरा शिक्षिका,
आणि एक रबरी बाळ, ज्याची नाळ
कुणीतरी निळ्या-तांबड्या लोकरीने विणलीय.

तिसऱ्या बाकावर उलजान एजे.
चौतीस वर्षं याच खोलीत
फळ्याकडे पाठ करून उभ्या होत्या.
आज फळ्याकडे तोंड करून बसल्यात.
वही नवी. पहिल्या पानावर तारीख,
समास पट्टीने आखलेला.

शिकवायचं मला आहे.
मला, जिच्या बोटांवर त्यांनी एकदा
चिमट्याचं टोक मारलं होतं :
"बघत काय बसलीस, आयपेरी? काप.
बाळ आलं की ताबडतोब."
तेव्हापासून माझा हात असा चपळ झाला
की प्रात्यक्षिकात पैकीच्या पैकी.

आता मीच सांगतेय : थांबायचं.
बाळ रडतंय, कोरडं केलंय, आईच्या छातीवर आहे,
तर निदान एक मिनिट.
नाळेतलं रक्त अजून वाटेत असतं.
त्याला घरी पोचू द्यायचं.

एजे उठतात. बाळ पुसतात.
आठव्या सेकंदाला उजवा हात कात्रीकडे.
पुन्हा. बाराव्याला.
कुणी हसत नाही.
तिसऱ्यांदा त्या उजवा हात
डाव्या काखेत दाबून धरतात,
थंडी वाजल्यासारखा.
चाळीस. पन्नास.
शेगडीत कोळसा तडकतो.
मिनिट एवढं लांब असतं
हे अकराजणींत कुणालाच ठाऊक नव्हतं.

चहाला जर्दाळूचा मुरंबा.
त्या चमचा नुसताच ढवळत राहतात.
"आणि आधीची सगळी?"
मी सुरू करते : बहुतेक ठीकच वाढतात,
थोडं लोह कमी पडतं, कधीकधी...
त्या हात वर करतात. पुरे.
"माझी नात दोन वर्षं फिकट होती.
मी म्हणायचे, आईवर गेलीय."

दुसऱ्या दिवशी आठला त्यांचा वर्ग.
दार अर्धं उघडं होतं, मी आत गेले नाही.
फळ्यावर जुनंच वाक्य, त्यांच्याच अक्षरात,
'ताबडतोब'वर एक आडवी रेघ,
खालचं वाचता येईल इतकी बारीक.

"हे मी शिकवलंय," त्या मुलींना म्हणाल्या.
"उतरवून घ्या.
रेघेसकट."