डावीकडचा ठिपका

थ्वेटबाई कागदावर मेंदू काढतात,
डावीकडे ठिपका. "इथून सुरू होतं."
तांदळातला खडा दाखवावा तसं.

तिसऱ्या गोळीने हात थरथरतात, फिट थांबत नाही.
मग छातीत, कातडीखाली, एक यंत्र,
नाहीतर हा ठिपकाच कापून काढायचा.
"थोडे शब्द जातील, कदाचित."
"कुठल्या भाषेतले?"
त्या पेनाला टोपण लावतात, परत काढतात.

कऱ्हाडच्या आत्याने जोडा हुंगवला होता,
तेव्हा निवडायचं काही नव्हतं.

हलच्या बसथांब्यावर वारा.
लायसन्स परत केल्यापासून
दहा नंबरच्या वेळा मला पाठ.
पुटपुटत राहते:
सांडशी, उलथनं, रोळी,
नारळ खवायची ती… ती…
खवणी.

घरात हे शब्द माझ्याशिवाय कुणाला येत नाहीत.